परसबागेतील वाफ्यांसाठी कमी खर्चाचे आच्छादन: जुन्या साड्या, क्रॉप कव्हर की मच्छरदाणी?

परसदार (निफाड तालुका, जि. नाशिक)

आमच्या घरामागे अर्ध्या गुंठ्याची परसबाग आहे. सध्या तेथे मेथी, कोथिंबीर, कोबीची कोवळी रोपे आणि टोमॅटोची एक ओळ असून जानेवारीच्या अखेरीस काकडी आणि दोडका टोकण्याचा विचार आहे. आमच्याकडे काही पहाटे पारा इतका उतरतो की आजूबाजूचे द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, आणि त्या दिवसांत टोमॅटोची शेंड्याकडची पाने काळवंडतात. मेथी उगवून वर येते न येते तोच साळुंक्या आणि घरच्याच कोंबड्या वाफा उकरतात. गेल्या उन्हाळ्यात तर काकडीच्या दोन पानांवरच्या रोपांची लाल भुंगेऱ्यांनी चाळण केली होती.

शेडनेटगृह उभारण्याइतका खर्च करायचा नाही. ओळीवर टाकता येईल आणि भाजी काढताना एका हाताने उचलता येईल असे साधे आच्छादन मी शोधते आहे. घरात जुन्या साड्या भरपूर आहेत, थोडे बांबू आहेत आणि ठिबकच्या जुन्या नळ्याही पडून आहेत. यातून काम भागेल, की कलिंगडाच्या शेतात दिसते ते पांढरे क्रॉप कव्हरच आणावे?

शिवारवाट (जुन्नर)

ताई, कोणते कापड घ्यावे यापेक्षा त्याची रुंदी आधी ठरवावी, कारण परसबागेतील बहुतेक आच्छादने कापड अपुरे पडल्यामुळे फसतात: वरून झाकलेले दिसते, पण कडा जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत आणि किडी, कोंबड्या, वारा हे सगळे त्याच फटीतून आत जातात. अर्धगोल कमान केली तर तिची लांबी वाफ्याच्या रुंदीच्या दीडपटीहून थोडी अधिक भरते. म्हणजे ७५ सेंटिमीटर रुंदीच्या वाफ्यावर कमान सुमारे ११८ सेंटिमीटरची होते, आणि दोन्ही बाजूंना मातीखाली दाबण्यासाठी १५-१५ सेंटिमीटर धरले तर जवळजवळ दीड मीटर रुंदीचे कापड लागते. साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आतच असतो. त्यामुळे एक साडी एवढ्या वाफ्याला पुरत नाही; मात्र ४५ सेंटिमीटरच्या वरंब्याला ती पुरते, किंवा दोन साड्या काठाला काठ जोडून शिवल्या तर रुंद वाफाही झाकता येतो.

कमानीसाठी ८ गेजची जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, उत्तम. ती सुमारे ४ मिलिमीटर जाडीची असते आणि किलोत जवळजवळ १० मीटर बसते. वरच्या मापाच्या वाफ्याला ११८ सेंटिमीटरची कमान आणि दोन्ही टोकांना २०-२० सेंटिमीटर जमिनीत, असे धरून १६० सेंटिमीटरचा एक तुकडा लागतो. म्हणजे किलोभर तारेत सहा कमानी होतात आणि सव्वा मीटरहून किंचित कमी अंतरावर त्या रोवल्या तर सहा मीटर लांबीचा वाफा पुरा होतो. आपल्याकडच्या ठिबकच्या नळ्या एकट्या वापरू नयेत, कारण त्या मऊ असल्यामुळे दवाने कापड जड होताच बसतात. त्याच नळीत तार ओवली तर मात्र दुहेरी लाभ होतो: कमान ताठ राहते आणि तारेच्या टोकांनी किंवा गंजाने कापड फाटत नाही. तार विकत घ्यायची नसेल तर ओल्या बांबूच्या कामट्या चालतात, फक्त त्यांच्या कडा कोयत्याने तासून घ्याव्यात. बांबूचा एक कुस जरी वर राहिला तरी पातळ कापडाला तेवढे निमित्त पुरते.

आता कापडाविषयी. कलिंगडावर आम्ही जे घालतो ते न विणलेले पॉलिप्रॉपिलीनचे कापड असते आणि बहुधा १७ जीएसएमचे, म्हणजे एका चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचे. त्यातून हवा आणि पाणी जाते आणि उजेडही बहुतांश आत येतो. दुकानदार प्रायः अख्खी गुंडाळीच विकतात, जी परसबागेला कितीतरी जास्त होते. आपल्या भागात कलिंगड, खरबूज किंवा मिरची करणारा कोणी असेल तर त्याच्याकडे गुंडाळीचा उरलेला तुकडा मागावा. दहा-पंधरा मीटरला कोणी नाही म्हणत नाही. बाजारातल्या पिशव्यांचे रंगीत कापड दिसायला तसेच असले तरी ते बरेच जाड असते आणि उजेड अडवते, म्हणून ते आणू नये.

साड्यांमध्ये नायलॉन, जॉर्जेट, शिफॉन अशा पातळ आणि फिक्या रंगाच्या निवडाव्यात. सुती साडी दवाने भिजली की जड होऊन रोपांवर बसते, दुपारपर्यंत वाळत नाही, आणि ओल्या कापडाखाली कोथिंबीर पिवळी पडू लागते. गडद रंगाची साडी रात्रीच्या थंडीपुरती चालेल, परंतु सकाळी ती काढावीच लागेल.

ढालकिडा (राहुरी)

वरील मापे अगदी योग्य आहेत. मला काकडीविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. लाल भुंगेऱ्याची मादी वेलाच्या बुडाशी ओलसर मातीत अंडी घालते, अळ्या जमिनीत राहून मुळे खातात, तेथेच कोषावस्थेत जातात आणि नवे भुंगेरे मातीतूनच वर येतात. त्यामुळे गेल्या वर्षी ज्या वाफ्यात काकडी होती त्याच वाफ्यात पुन्हा काकडी लावून त्यावर कितीही घट्ट आच्छादन घातले, तरी खालून निघणारे भुंगेरे आतच कोंडले जातील आणि त्यांना रोपे आयती मिळतील. फुलकिडे आणि नागअळी यांच्याही कोषावस्था पुष्कळदा मातीतच जातात. म्हणून काकडी आणि दोडका या वर्षी मेथीच्या किंवा कोबीच्या जागेवर घ्यावा, जुना वाफा उन्हात खणून उघडा ठेवावा, आणि आच्छादन रोपे उगवल्यावर न घालता बी टोकल्याच्या दिवशीच घालावे.

दुसरी गोष्ट फुलांची. काकडीवर्गीय वेलींत नर आणि मादी फुले वेगळी असतात, आधी नर फुले येतात आणि मागाहून पाठीशी इवलेसे फळ असलेली मादी फुले दिसू लागतात. ती दिसली की आच्छादन काढलेच पाहिजे, कारण मधमाशी आत गेली नाही तर ती इवली फळे पिवळी पडून गळतात. तोवर वेल मोठा झालेला असतो आणि भुंगेऱ्यांनी थोडी पाने खाल्ली तरी तो तग धरतो. खरा धोका बीजदलांपासून चार-पाच पानांपर्यंतच्या अवस्थेत असतो. ज्यांना आच्छादन आणखी ठेवायचे असेल त्यांनी हाताने परागीकरण करावे, पण वेळ सांभाळावी: काकडीची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची मात्र संध्याकाळी. सकाळी दोडक्याकडे गेल्यास मिटलेली फुले हाती लागतील.

कोबीला ही अडचण नाही, कारण आपल्याला त्याचे फूल नकोच असते. रोप लावल्यापासून गड्डा काढेपर्यंत जाळी ठेवली तरी चालते, आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला अंडी घालण्यासाठी पानापर्यंत पोहोचू न देणे हा त्याच्या अळीवरचा माझ्या मते परसबागेपुरता सर्वांत स्वस्त उपाय आहे. येथे जुनी मच्छरदाणी उत्तम काम देते. तिच्या छिद्रांतून पतंग, फुलपाखरे, भुंगेरे, फळमाशी यांपैकी काही जात नाही. पांढरी माशी मात्र सहज जाते. तिच्यासाठी किमान ४० मेशची, म्हणजे एका इंचात ४० छिद्रे असलेली कीडरोधक जाळी लागते आणि फुलकिड्यांना तर तीही पुरेशी नसते. टोमॅटोवरचा पर्णगुच्छ विषाणू पांढऱ्या माशीमार्फत येतो, म्हणून निदान रोपवाटिकेचा ट्रे तरी अशा जाळीखाली ठेवावा. तेवढ्यासाठी दोन मीटर जाळी भरपूर होते.

आठवड्यातून दोनदा तरी कापड उचलून पानांच्या खालची बाजू पाहावी. आत एखादी माव्याची मादी राहिली तर ती नराविना पिल्ले देते, आणि तिला खाणारे ढालकिडे बाहेरच अडकलेले असतात. (माझ्या टोपणनावाचा पक्षपात येथे क्षम्य मानावा.)

परसदार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गेल्या वर्षीची काकडीची जागा विहिरीकडच्या वाफ्यात होती, तेव्हा या वेळी ती मेथीच्या वाफ्यात नेईन. दोन शंका उरतात. थंडीसाठी साडी आणि क्रॉप कव्हर यांत फरक पडतो का, आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकला तर अधिक ऊब राहील का? शिवाय आमच्याकडे संध्याकाळी वारा फार असतो आणि भाजी रोज काढायची असल्याने दोन्ही कडा मातीत गाडून ठेवणे जमणार नाही.

शिवारवाट (जुन्नर)

थंडीचे आधी सांगतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीतील उष्णता वर निघून जाते, आणि आच्छादनाचे काम ती थोडी अडवून धरण्याचे आहे. कापड स्वतः ऊब निर्माण करत नाही. म्हणून दुपारी वाफ्याला पाणी द्यावे, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची उष्णता अधिक साठवते, आणि ऊन उतरण्यापूर्वीच कापड ओढून घ्यावे. रात्री दहा वाजता झाकलेल्या वाफ्यात राखण्यासारखे फारसे उरलेले नसते. पातळ कापडाने एक-दोन अंशांचाच फरक पडतो, पण पारा चार-पाच अंशांवर घुटमळत असेल तर तेवढाही कामाचा असतो. साडी आणि क्रॉप कव्हर यांत या बाबतीत मोठा भेद नाही. अधिक कडाक्याच्या रात्री दोन पदर टाकावेत. कापड पानाला टेकू देऊ नये, कारण जेथे टेकते तेथेच पान आधी करपते.

प्लॅस्टिक टाकायचेच असेल तर ते कापडाच्या वरून आणि केवळ रात्रीपुरते टाकावे. सकाळी नऊनंतर स्वच्छ उन्हात बंद प्लॅस्टिकखाली रोपे अक्षरशः उकडतात, आणि आतल्या बाजूला जमलेले पाणी पानांवर ठिबकत राहिल्याने करप्याला आमंत्रण मिळते. घरात सकाळी सात वाजता ते काढणारे कोणी असेल तरच त्या वाटेला जावे.

टोमॅटोला कमान पुरणार नाही. ओळीच्या दोन्ही टोकांना आणि मधे बांबू रोवून वर सुतळी ताणावी आणि साडी दोन्ही बाजूंनी पडद्यासारखी सोडावी. टोमॅटोचे परागीकरण त्याच फुलात होत असल्याने मधमाशी आलीच पाहिजे असे नाही, परंतु आत वारा लागत नसल्याने पराग झडावेत म्हणून दुपारी बांबूला दोन टिचक्या माराव्यात.

वर्धेकर (वर्धा)

नाशिककडे थंडीची चिंता, आमच्याकडे आच्छादन काढायचे केव्हा याची. मार्चच्या मध्यानंतर विदर्भात जमिनीलगतच्या बोगद्यात दुपारी इतकी उष्णता साठते की टोमॅटो आणि मिरचीची फुले गळू लागतात. तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोची फळधारणा तशीही मंदावते. त्या वेळी कमानी तशाच ठेवून कापड काढावे आणि हात-दीड हात उंचीच्या खुंट्यांवर ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट केवळ वरून ताणावी, बाजू पूर्ण मोकळ्या सोडाव्यात. निफाडला तेवढी घाई नसली, तरी जानेवारीअखेर टोकलेली काकडी मार्चच्या आरंभी फुलावर येईलच, म्हणजे दोन्ही कारणांनी तेच दिवस आच्छादन काढण्याचे आहेत.

काढलेले क्रॉप कव्हर बांधावर टाकून देऊ नये. उन्हाने ते ठिसूळ होते, त्याचे तुकडे मातीत मिसळतात आणि मग कित्येक वर्षे खुरप्याला लागत राहतात. पुष्कळ जण ते जाळतात, तेही वाईट. धूळ हलकेच झटकून, सावलीत वाळवून आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा डब्यात ठेवले तर चांगला राहिलेला भाग पुढच्या हंगामात रोपवाटिकेवर वापरता येतो.

वाडीवरचा (गुहागर)

कोकणात पावसाळी रोपांवर हे पातळ कापड टिकत नाही. सरींच्या माऱ्याने ते खाली बसते आणि रोपे मुळाशी कुजून कोलमडतात. आम्ही माडाच्या झावळ्यांचे झाप विणून ते खुंट्यांवर तिरपे ठेवतो, म्हणजे पाणी एका बाजूने उतरते आणि वारा खालून खेळतो. मूळ प्रश्न हिवाळ्याचा असल्याने एवढेच नोंदवतो.

शिवारवाट (जुन्नर)

वाऱ्याची शंका राहिली होती. वाऱ्याच्या बाजूची कड कायमची मातीत दाबून टाकावी, कारण भाजी काढताना ती उचलण्याचे कारण नसते. दुसऱ्या कडेला वाफ्याच्या लांबीइतका बांबू ठेवून कापडाची ती कड त्याभोवती दोन वेढे गुंडाळावी आणि सुतळीने हातभर अंतरावर बांधावी; मग बांबू उचलला की सगळी बाजू एकदम उघडते आणि खाली ठेवला की त्याच्या वजनाने बंद होते. त्यावर वाळू भरलेल्या दुधाच्या पिशव्या ठेवाव्यात, दगड ठेवू नयेत, त्यांच्या कंगोऱ्यांनी कापड चिरते. दोन्ही टोकांना कापड वाफ्याच्या पुढे पाऊण-पाऊण मीटर अधिक सोडून त्याची मूठ वळावी आणि तिरप्या खुंटीला ताणून बांधावी. सहा मीटरच्या वाफ्याला म्हणून साडेसात मीटर कापड धरावे. वारा फारच झोंबत असेल तर प्रत्येक दोन कमानींच्या मधोमध कापडावरून एक सुतळी आडवी टाकून दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना आवळावी. कापड फडफडणे थांबले की ते फाटणेही जवळजवळ थांबते.

कोंबड्यांसाठी मात्र बांबूची कड पुरेल असे वाटत नाही. त्या चोचीने सुतळी सोडवत नसल्या तरी पिशव्यांच्या मधली फट बरोबर हुडकतात, तेव्हा त्या बाजूला पिशव्या अगदी एकीला एक लावून ठेवाव्यात.