'जनुकीय चिन्हक' की 'आनुवंशिक चिन्हक'?

विचारणा (पाटण, जि. सातारा): कोयनेच्या जंगलातल्या नरक्या या झाडावर शाळेसाठी माहितीपत्रक लिहितोय. 'मार्कर'ला जनुकीय चिन्हक म्हणावं की आनुवंशिक? आणि चिन्हक म्हणजे जनुकच ना?

उत्तर (सांगली): सर, चिन्हक म्हणजे जनुक नव्हे. डीएनएमधली जी ठरावीक जागा झाडागणिक वेगळी असते आणि तो फरक प्रयोगशाळेत ओळखता येतो, ती चिन्हक. पुष्कळदा ती कुठल्याच जनुकात नसते. एसएसआर या चिन्हकाच्या प्रकारात डीएनएच्या एक ते सहा अक्षरांचा तुकडा लागोपाठ येत राहतो, समजा एका झाडात दहा वेळा तर दुसऱ्यात चौदा. त्याचा उंचीशी किंवा औषधी गुणाशी सहसा संबंध नसतो. म्हणून मी 'आनुवंशिक' लिहिते. 'जनुकीय' रूढ आहे, पण तुम्हाला पडला तोच प्रश्न मुलांनाही पडेल. 'अनुवांशिक' मात्र लिहू नका, ते रूप अशुद्ध आहे.

माझा खरा आग्रह 'विविधता' या शब्दाबद्दल आहे. नुसतं 'झाडांची विविधता' लिहिलंत तर वाचणारा जाती मोजू लागेल. 'एकाच जातीतली आनुवंशिक विविधता' असं स्पष्ट लिहा. नरक्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कर्करोगावरची औषधं त्यापासून बनतात, त्यापायी हे झाड बेसुमार तोडलं गेलं. आता एकाच झाडाचं बी आणून हजार रोपं लावली, तर संख्या वाढेल, विविधता नाही. ती सगळी भावंडंच! पुढे त्यांचं आपसांतच परागण झालं की संतती दुबळी निघण्याचा धोका. कोयना, चांदोली, महाबळेश्वर अशा ठिकाणची झाडं चिन्हकांनी ताडून पाहिली, तर बी कुठकुठून गोळा करायचं हे ठरवता येतं. हे वाक्य पत्रकात यायलाच हवं.

विचारणा: आभारी आहे, ताई. एका लेखात आरएपीडी या चिन्हकाच्या दुसऱ्या प्रकाराला 'प्रभावी चिन्हक' म्हटलंय. म्हणजे ते जास्त चांगलं?

उत्तर: नाही, इथे 'प्रभावी' म्हणजे परिणामकारक नव्हे. १९९० पासून वापरात आलेल्या आरएपीडीत चाचणीत डीएनएच्या तुकड्याची पट्टी दिसते किंवा दिसत नाही, एवढंच कळतं. दिसली तर ती एकाच पालकाकडून आली की दोघांकडून, हे समजत नाही. एसएसआर 'सहप्रभावी' आहे, त्यात दोन्ही पालकांचा वाटा वेगवेगळा दिसतो. पत्रकात 'प्रभावी' वापरलंत तर शेजारी हा अर्थ द्या.