पोझोलेसाठी गच्चीवर काय लावू?

गच्चीवाली, मानेवाडा: मेक्सिकोचं पोझोले सूप घरच्याच भाज्यांनी करायचंय, मुळा, कोबी, कोथिंबीर हिवाळ्यात होऊनच जाते पण टोमॅटिलोचं (हिरव्या टोमॅटोसारखं, पापुद्र्यातलं आंबट फळ) एकच झाड लावलं, फुलं भरपूर येऊन राहिली अन् फळ एकही धरत नाही, काय करू?

उत्तर: ताई, टोमॅटिलो एकट्यानं फळत नाही, बियांपासून केलेली दोन झाडं जवळजवळ पाहिजेत, मधमाश्या पण.

उत्तर: अन् पोझोलेत मुख्य असतो मका, पण त्यासाठी स्वीटकॉर्न नका लावू! पांढरा मका कणसातच वाळू द्या, मग खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवा, सालं सुटतात ती चोळून धुवा, पुन्हा शिजवला की दाणा फुलासारखा उमलतो. लाल पोझोलेला भिवापुरी मिरची झोंबेल, तिकडची ग्वाहियो सौम्य असते, ब्याडगी लावा.

गच्चीवाली: टोमॅटिलोचं बी आजच टाकते!