निस्मो म्हणजे नुसते स्टिकर नव्हेत

निसानच्या गाड्यांवर ‘निस्मो’ हे नाव दिसलं की बरेच जण म्हणतात, निस्मो म्हणजे लाल पट्टे आणि जाडजूड बंपर, बाकी गाडी तीच. हे मत मला अजिबात पटत नाही. निसानने १९८४ मध्ये ओमोरी आणि ओप्पामा इथले आपले दोन रेसिंग विभाग एकत्र करून ही कंपनी काढली, ती शर्यतींसाठीच.

१९९० ची आर३२ जीटी-आर निस्मो, म्हणजे निसानच्या जीटी-आर या स्पोर्ट्स कारच्या आर३२ पिढीची निस्मो आवृत्ती, जरा जवळून बघा. ग्रुप ए, म्हणजे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यतींच्या वर्गाच्या नियमांसाठी जेमतेम ५६० गाड्या बनल्या. साध्या जीटी-आरच्या टर्बोत, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्रात, सिरॅमिकचं टर्बाइन चाक होतं. ते हलकं, पण जास्त बूस्ट (हवेचा दाब) दिला की तुटायची भीती. म्हणून इथे पोलादी चाक बसवलं. बंपरला दोन जास्तीची भोकं पाडली, टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला वारा मिळावा म्हणून. वजन वाचवायला मागचा वायपरसुद्धा काढून टाकला! म्हणजे ज्या बंपरला आपण शोभेचा म्हणतो, त्याची भोकंसुद्धा कामाची.

पुढे जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत आर३२ ने १९९० ते १९९३ मध्ये २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. शिवाय १९९१ आणि १९९२ ला ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची प्रसिद्ध शर्यतही मारली. आजही योकोहामात निस्मोचं जे वर्कशॉप जुन्या जीटी-आर उघडून नव्याने बांधून देतं, त्याचं नाव ओमोरी फॅक्टरीच आहे.