रीनाची मालिका बघितली आणि आमच्या वर्गातली 'ती' आठवली. तुमचे अनुभव लिहा

निळाई

परवा रात्री ओटा आवरून बसले आणि 'अंडर द ब्रिज'चे तीन भाग सलग बघितले. काल उरलेले पाच. सकाळपासून कशात मन लागत नाहीये म्हणून इथे लिहितेय.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराजवळ १४ नोव्हेंबर १९९७ ला, शुक्रवारी रात्री, रीना विर्क नावाच्या मुलीला तिच्याच वयाच्या मुलामुलींनी पुलाखाली घेरून मारलं. रीना १४ वर्षांची, वडील पंजाबातून तिकडे गेलेले. कपाळावर सिगरेट विझवली. ती कशीबशी उठून पूल ओलांडून निघाली, तर दोघं तिच्या मागे गेली, तिला पुन्हा मारलं आणि पाण्यात बुडवलं. एक १५ वर्षांची मुलगी, एक १६ वर्षांचा मुलगा.

मला झोपू देत नाहीत ते त्यानंतरचे आठ दिवस. प्रेत सापडलं २२ तारखेला. मधल्या काळात सोमवारी शाळा भरली, तास झाले, डबे खाल्ले गेले, आणि कितीतरी मुलांच्या कानावर ही गोष्ट आलेली होती. मोठ्या माणसांपर्यंत ती पोचायला इतके दिवस लागले!

आता माझं. १९९१, आठवी, मुलींची शाळा. दिवाळीनंतर वर्गात एक नवीन मुलगी आली, यवतमाळकडची. वडिलांची बँकेतली बदली. ती 'का' ऐवजी 'काऊन' म्हणायची, 'करून राहिली' म्हणायची, आणि रंगानं आमच्यापेक्षा सावळी होती. दोन दिवसांत तिचं नाव 'कोळसा' पडलं. हजेरीला बाई तिचं खरं नाव घ्यायच्या तेव्हा मागच्या बाकावरून खोकल्याचे आवाज यायचे.

एकदा मधल्या सुट्टीत ती हात धुवायला गेली असताना दोघींनी फळ्याखालची खडूची भुकटी मूठभर आणून तिच्या डब्यात टाकली. ती आली, डबा उघडला, बघितलं. कोणाकडेही मान वर करून बघितलं नाही. भाकरी उचलली, फुंकर मारली, पांढरी झालेली कड तोडून झाकणात ठेवली आणि उरलेली कोरडीच खाल्ली. वांग्याची भाजी तशीच राहिली. मी शेजारच्या बाकावर होते. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. मी खाली मान घालून सगळं संपवलं.

भुकटी मी टाकली नव्हती, हे मी स्वतःला तेहतीस-चौतीस वर्षं सांगत आलेय. तिला माझ्यातली अर्धी पोळीसुद्धा दिली नाही, हे काल पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. नवऱ्याला सांगितलं. नववीत ती आलीच नाही.

तुम्ही सोसलं असेल तर लिहा. केलं असेल तरी लिहा. आणि माझ्यासारखे बघत बसला असाल तर तेही लिहा.

चहाबाज

कुठे दिसते ही मालिका? किती भाग?

रानजाई

@चहाबाज अमेरिकेत हुलू या ऑनलाइन सेवेवर आली, २०२४ मध्ये. आठ भाग. रात्री एकट्यानं बघू नका.

निळाई, वाचून घशात आवंढा आला. आम्ही गेली तेरा वर्षं ब्रिटिश कोलंबियातच, म्हणजे व्हिक्टोरियाच्याच प्रांतात आहोत. व्हिक्टोरियाला फेरीनं गेलो होतो तेव्हा तो क्रेगफ्लॉवर पूल ओलांडला, गाडीत काही सेकंदसुद्धा लागत नाहीत. खाली गॉर्ज नावाच्या खाडीचं शांत पाणी, लोक होड्या वल्हवत होते. नवऱ्याला म्हटलं थांब जरा. तो म्हणाला, कशाला. खरंच, कशाला ते मलाही सांगता आलं नाही.

माझं लेकीचं आहे. सहावीत होती. एक दिवस बाथरूममधून बाहेरच येईना. दार वाजवलं तर आत रडणं. बाबाच्या रेझरनं ओठावरची लव काढायला गेली आणि वरचा ओठ कापून घेतला. बेसिनमध्ये रक्त. शाळेत दोन मुली तिला बघून आपल्या ओठावर बोट फिरवायच्या म्हणे, मिशीला पीळ दिल्यासारखं. बोलायच्या काहीच नाहीत! त्यामुळे तक्रार तरी कसली करणार, असं तिला वाटायचं. चार महिने चालू होतं. रीनालाही अंगावरच्या केसांवरून, वजनावरून चिडवायचे, हे वाचलं तेव्हा मी फोन उलटा ठेवून दिला.

इकडे फेब्रुवारीत गुलाबी शर्टचा दिवस असतो. नोव्हा स्कोशियात २००७ साली एका नव्या मुलाला गुलाबी शर्ट घातला म्हणून त्रास दिला, तर वरच्या वर्गातल्या दोन मुलांनी पन्नासेक गुलाबी शर्ट विकत आणून वाटले, तिथून सुरू झालं. लेकीच्या वर्गातल्या त्या दोघीही त्या दिवशी गुलाबी घालून आल्या होत्या. लेक म्हणाली, आई, त्यांचे शर्ट माझ्यापेक्षा छान होते.

सुगरण

अगं बाई. आता कशी आहे लेक?

रानजाई

@सुगरण आता विद्यापीठात आहे, मस्त आहे. ओठावर बारीक वण आहे, जवळून बघितलं तरच दिसतो.

ओवी_जर्सी

माझं वय आता ७१. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

आम्ही अमेरिकेतल्या जर्सी सिटीत होतो १९८४ पासून. १९८७ च्या उन्हाळ्यात तिथल्या पेपरात एक पत्र छापून आलं, स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांचं. डॉट म्हणजे आपलं कुंकू. भारतीयांना शहरातून हाकलून लावू अशी धमकी होती. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनला नवरोज मोदी नावाच्या तरुणाला पोरांच्या टोळक्यानं मारलं, त्यात तो गेला. मारणारे विशीच्या आतबाहेरचे.

मी तेव्हा कामाला जात होते. घरातून टिकली लावूनच निघायचे, कारण सासूबाई आलेल्या होत्या आणि कपाळ मोकळं त्यांना चालायचं नाही. बसस्टॉपवर टिकली काढून पर्सच्या आतल्या बाजूला चिकटवायची. संध्याकाळी लिफ्टमध्ये पुन्हा कपाळाला. चार-पाच वेळा काढली-लावली की चिकटायची नाही, मग जिभेनं ओली करून दाबायची. सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या भारतात परत गेल्या तेव्हा पर्सच्या अस्तरावर टिकल्यांचे गोल गोल डाग होते.

त्या पर्सची आठवण तुमच्यामुळे झाली.

सुगरण

ओवीताई, एकही चूक नाही. तुम्ही अजून लिहा. वेगळा धागाच काढा.

तिखटमीठ

मी मालिका बघितली आहे. एक विचारते, राग नका मानू. रीनानंही त्यांच्यातल्या एका मुलीच्या डायरीतल्या नंबरांवर फोन करून अफवा पसरवल्या होत्या ना? घरीही पटत नव्हतं, काही दिवस बाहेर राहत होती. म्हणजे दोन्ही बाजू...

रानजाई

@तिखटमीठ राग नाही, पण चौदाव्या वर्षी अफवा कोणी पसरवल्या नाहीत? त्या मुलींनी आपल्याला आपल्यात घ्यावं म्हणून ती जिवाचा आटापिटा करत होती. आणि ज्यांच्यात शिरायचं होतं त्यांच्यासारखी ती दिसत नव्हती. त्या वेळच्या बातम्या बघा, सगळा भर 'मुलीसुद्धा किती हिंसक झाल्यात' यावर. तिच्या रंगाचा विषय कोर्टातही बाजूलाच राहिला. कपाळावर, नेमकी जिथे टिकली लावतात तिथे सिगरेट विझवतात आणि वर म्हणतात वर्णद्वेषाचा काय संबंध!

तिखटमीठ

हो. कपाळाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओवीताईंचं वाचून आत्ता काटा आला. माझा प्रश्न चुकला.

घाटमाथा

मी केलेल्यांतला आहे.

९६ साल, इंजिनिअरिंगचं होस्टेल, दुसऱ्या वर्षाला होतो. पहिल्या वर्षाचा एक पोरगा बोलताना अडखळायचा. आम्ही रात्री अकराला त्याला खोलीत बोलवायचो आणि 'कच्चा पापड पक्का पापड' म्हणायला लावायचो. पापडावरच तो अडायचा. प प प. आम्ही सात-आठ जण लोळून हसायचो. तो पण हसायचा आमच्याबरोबर. मला वाटायचं मजा येतेय त्यालाही. दिवाळीला घरी गेला तो आलाच नाही. आम्ही म्हणालो अभ्यास झेपला नसेल.

२०१४ ला एका लग्नात समोर आला. मी ओळखलं, त्यानं पण ओळखलं. मी म्हणालो मित्रा, मला माफी मागायची आहे. त्यानं पाण्याचा ग्लास उचलून माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे निघून गेला. एक शब्द नाही. तो अजून अडखळतो का ते पण मला कळलं नाही.

मालिकेतला तो वॉरन, रीनाच्या मागे गेलेला १६ वर्षांचा मुलगा. खऱ्या आयुष्यात त्यानं नंतर गुन्हा कबूल केला, रीनाच्या आईवडिलांसमोर बसला आणि त्यांनी त्याला माफ केलं. त्याच्या पॅरोलला विरोध केला नाही. २००७ ला तो दिवसाच्या पॅरोलवर बाहेर आला. मी चार वेळा वाचलं ते. मुलीला मारणाऱ्याला समोर बसवून घेणं, कुठून आणलं असेल त्या सुमन आणि मनजीत विर्क यांनी एवढं? आई २०१८ मध्ये गेल्या.

आजोळ

@घाटमाथा लिहिलंत हे खूप मोठं आहे. पण त्याला उत्तर द्यायचं नव्हतं, तो त्याचा हक्क आहे. मी पण अडखळते, म्हणून सांगते. आपण हसतो त्यांच्याबरोबर, कारण हसलं की लवकर सोडतात.

घाटमाथा

@आजोळ हे मला माहीत नव्हतं ताई. खरंच नव्हतं.

डॉक्टरीणबाई

ड्युटीवरून लिहितेय, तुटक असेल.

महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. देशभराचे यूजीसीचे नियम २००९ चे, हिमाचलमधला अमन काचरू रॅगिंगच्या मारहाणीत गेला त्यानंतरचे. प्रवेशाच्या वेळी पोरं आणि पालक दोघंही प्रतिज्ञापत्रावर सही करतात. आणि मग मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीची आत्महत्या. आदिवासी समाजातली, पदव्युत्तर शिक्षणाला आलेली मुलगी. जातीवरून सीनियर छळत होत्या असा आरोप.

तेव्हा मी रेसिडेंट होते, दुसऱ्या गावात. मीही राखीव जागेवरची. पायलची बातमी आली त्या रात्री आमच्या ड्युटीरूममध्ये एक सीनियर म्हणाली, "या लोकांना ताण झेपत नाही." माझ्याकडे बघून नाही, चहा ओतता ओतता. मी कप घेतला. थँक्यू पण म्हणाले. तो चहा कसा प्यायले ते मला अजून आठवतं.

पेशंट आला. नंतर येते.

रंगीतखडू

शाळेत शिकवते, बावीस वर्षं झाली. निळाईचं 'आठ दिवस' वाचून एवढंच सांगते, मुलांना सगळं माहीत असतं आणि आम्हाला सगळ्यात शेवटी कळतं. मी आता मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न बसता वर्गात डबा खाते. भाषण देत नाही, विचारत नाही, नुसती बसते. कोणाच्या शेजारची जागा रिकामी आहे ते दिसतं. तिथे जाऊन बसते. मुलांना आधी अवघडल्यासारखं होतं, मग भाज्यांची देवाणघेवाण सुरू होते. मागच्या वर्षी एका मुलानं मला मेथीचा ठेपला देता देता हळूच सांगितलं, "बाई, त्या मागच्या मुलाच्या दप्तरात रोज पाणी ओततात." ठेपला हातात असताना सांगितलं म्हणून सांगू शकला, असं मला वाटतं.

पाऊलवाट

सगळं वाचतेय. लिहायला अजून जमत नाही. एवढंच.

सुगरण

@पाऊलवाट काही घाई नाही गं. आम्ही आहोत इथे.

चहाबाज

दोन भाग बघून झाले. अमेरिकेतल्या भावाकडे आलोय सध्या. लेखिका म्हणून दाखवलेली रेबेका गॉडफ्री खरी का?

रानजाई

@चहाबाज हो, तिच्याच पुस्तकावरून मालिका आहे. मालिका यायच्या आधीच, २०२२ मध्ये, ती गेली. ती पोलीसबाई मात्र काल्पनिक. मला एक खटकलं, लेखिकेच्या आणि त्या मारणाऱ्या मुलींच्या मनात मालिका फार रेंगाळते. रीनाच्या घरचा भाग सगळ्यात जिवंत आहे, तोच आणखी हवा होता. तिच्या वडिलांनीही लेकीवर पुस्तक लिहिलंय, ते मागवलंय मी.

तिखटमीठ

आणि खटले किती चालले! रीनाच्या मागे गेलेल्या त्या १५ वर्षांच्या मुलीचा तीन वेळा चालला. एकदा शिक्षा रद्द, एकदा ज्यूरीचं एकमत नाही, तिसऱ्यांदा दोषी, ते पुन्हा अपिलात उलटलं आणि शेवटी सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये कायम केलं. बारा वर्षं. आईबापांनी दर वेळी पहिल्यापासून ऐकायचं सगळं.

वणीकर

निळाई ताई, तुमचं वाचून रायवलं नाही म्हणून लिहून राहिलो. मी यवतमाळकडच्या वणीचा, आता पुण्यात. कॉलेजात मीबी 'काऊन' म्हणून घेतलं की सगळे हसत. तीन महिन्यांत भाषा पुणेरी करून टाकली. मग घरी फोनवर आईशी बोललो तर ती म्हणे, कोण बोलून राहिलं? माह्या आईनं माहा आवाज ओळखला नाही. आता मुद्दाम बोलतो, हापिसातबी. दोन पोरं शिकलीत माह्यापासून.

तुमच्या त्या मैत्रिणीचे वडील कोणत्या बँकेत होते? ९१ च्या आसपास आमच्या गावचे दोन-तीन जण बदलून तिकडे गेले होते.

निळाई

सगळ्यांना एकेक करून उत्तर देणार होते, पण कुकर लावता लावता वाचत राहिले आणि शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. ओवीताई, तुमची पर्स डोळ्यांसमोरून हलत नाहीये. घाटमाथा, तुम्ही निदान विचारलंत तरी. डॉक्टरीणबाई, ड्युटी संपली की या परत.

@वणीकर मैत्रीण नव्हती हो ती माझी. मी होऊ दिली नाही. बँक कोणती ते आठवत नाही. नाव आणि आडनाव पक्कं आठवतं, पण तिला न विचारता इथे लिहिणं बरं नाही. तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय. सापडली तर माझा नंबर द्या, तिचा मागू नका. तिला वाटलं तर ती करेल फोन.

वणीकर

भेटला निरोप. आडनाव आमच्याकडचंच आहे. रात्री आईले विचारतो, तिले आख्खी वणी ठाऊक आहे.