सुदानमधील स्वयंपाकघरांसाठी वर्गणी काढावी का?

तापीकाठ (चोपडा):
सुदानमधील सामुदायिक स्वयंपाकघरांसाठी वर्गणी काढण्याचे आवाहन येथे वाचले. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे. एप्रिल 2023 पासून लष्करप्रमुख बुऱ्हान यांचे सैन्य आणि हेमेदती यांचे निमलष्करी दल तेथे लढत आहेत. डिसेंबर 2023 मध्ये वाद मदनी हे शहर निमलष्करी दलाच्या हाती पडले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचे गोदाम लुटले गेले. जवळपास 15 लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढा साठा त्यात होता. म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि जेवायचे बंदूकवाल्यांनी. शिवाय धडगाव-अक्कलकुव्यात बालके कुपोषित असताना साता समुद्रापलीकडे दानधर्म कशासाठी?

पेंडवाला (धुळे):
गोदाम लुटले गेले हे खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष इतका अन्यायकारक आहे की सविस्तर उत्तर देणे भाग पडले. पश्चिम सुदानमधील दार्फुर प्रांतातल्या एल फाशेर शहराला मे 2024 पासून वेढा होता आणि 26 ऑक्टोबर 2025 रोजी ते निमलष्करी दलाच्या हाती गेले. त्या वेढ्यात धान्य संपल्यावर लोकांनी अंबाझ खाल्ले, म्हणजे शेंगदाण्याचे तेल काढून उरलेली पेंड. माझा व्यवसायच पेंडीचा आहे. ओल लागलेल्या पेंडीचा तुकडा मोडला की आत हिरवट बुरशी दिसते, कुबट वास येतो, आणि तसा माल आमच्याकडचा गवळी दुभत्या म्हशीपुढे टाकत नाही, गोणीसकट परत आणून देतो. तेथे माणसांनी पेंड खाल्ली, आणि पुढे पुढे तीही मिळेनाशी झाली.

ही भूक पाऊस न पडल्याने आलेली नाही. ती लादलेली आहे आणि लादणारे दोन्ही बाजूंना आहेत. चाडच्या सीमेवरील आद्रे नाक्यावरून दार्फुरला धान्य जाते. सैन्याच्या सरकारने तो नाका फेब्रुवारी 2024 मध्ये बंद केला आणि ऑगस्टमध्ये उघडला. त्याच ऑगस्टमध्ये एल फाशेरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुर्भिक्ष असल्याचे जाहीर झाले होते. जून 2025 मध्ये एल फाशेरकडे निघालेल्या 15 ट्रकांच्या ताफ्यावर अल कोमा येथे हल्ला होऊन पाच जण मारले गेले.

म्हणूनच मोहल्ल्यांतील स्वयंपाकघरांचे महत्त्व आहे. तेथील तरुणांनी आपत्कालीन कक्ष उभारले आहेत. त्यांना मोबाइलवरून पैसे पोहोचतात, ते जवळच्याच व्यापाऱ्याकडून ज्वारी, मसूर, तेल घेतात आणि शिजवून रांगेतल्यांना त्याच दिवशी वाढतात, त्यामुळे लुटावे असा साठा मागे राहतच नाही. 2025 च्या आरंभी अमेरिकेने मदत थांबवली, तेव्हा अशी शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. आवाहन त्यांच्यासाठी आहे. तापीकाठ आप्पा, आपण ते पूर्ण वाचले असते तर गोदामाचा मुद्दा निघालाच नसता.

निवृत्त गार्ड (भुसावळ):
परदेशी मदतीचे गोडवे गाणाऱ्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिलेला दिसत नाही. मी तेव्हा लहान होतो, वडील खडी फोडायच्या कामावर होते आणि रेशनवर मिलो मिळत असे. त्या लाल अमेरिकन ज्वारीची भाकरी थापतानाच चिरत असे आणि खाल्ल्यावर पोट दुखत असे. त्यांच्या देशात जनावरांना घालायचे धान्य आम्हाला दिले आणि वर त्याच्यासोबत गाजर गवत पाठवले, जे आजही आमच्या बांधावरून हटत नाही. मदत म्हणजे नको असलेला माल खपवणे होय.

शेतकरीण (अमळनेर):
गार्डदादा, गाजर गवताचा दोष मिलोवर टाकू नका. ते 1950 च्या दशकातच पुण्याजवळ आढळले होते आणि त्याचा संबंध आयात गव्हाशी जोडला जातो. मिलो बेचव होती हे मान्य, परंतु आमच्या घरी पाच भावंडे त्याच भाकरीवर जगली.

निवृत्त गार्ड (भुसावळ):
जगली म्हणून उपकार मानायचे काय? ज्यांच्या कणगीत घरची ज्वारी शिल्लक होती, त्यांनी आम्हाला मिलोचे महत्त्व सांगू नये.

शेतकरीण (अमळनेर):
आमच्या कणगीत काय होते हे तुम्हाला कसे ठाऊक? माझी आई कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडी या पौष्टिक खाऊच्या आशेने कडेवर मूल घेऊन बंडिंगच्या कामावर जात असे. त्या दुष्काळात माणसे वाचली ती मुख्यतः मजुरीमुळे. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते आणि हातात पैसा आल्यामुळे लोकांना बाजारातून धान्य घेता आले. पेंडवाले भाऊ हेच सांगत आहेत. आपल्याकडे रस्त्यावर बंदूक घेऊन कोणी उभे नव्हते, एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

अंगणवाडी सेविका (मोलगी):
मिलोचा वाद संपला असेल तर मला बोलायचे आहे. दुसऱ्याला नकार द्यायचा असला की आमच्या सातपुड्याचे नाव निघते. एरवी इकडे कोणी फिरकत नाही. मुलाच्या दंडाला पट्टी गुंडाळून मी घेर मोजते आणि तो 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की तीव्र कुपोषित म्हणून नोंद करते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले कुटुंब परतले की मूल हडकलेले असते आणि आई माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघते. दार्फुरमध्येही हीच पट्टी आणि हीच मर्यादा वापरतात. मात्र माझ्याकडचे मूल, रस्ता कितीही वाईट असला तरी, दवाखान्यात पोहोचते. तेथे झमझममधील दवाखाना लढाईमुळे फेब्रुवारी 2025 मध्ये बंद करावा लागला आणि एप्रिलमध्ये छावणीच निमलष्करी दलाने ताब्यात घेतली. तापीकाठ भाऊ, आमच्या नावावर त्या मुलांना नाही म्हणू नका. आमच्यासाठी काही करायचे असेल तर स्थलांतराच्या वेळी पोषण आहार मुलांच्या पाठोपाठ जाईल, यासाठी जिल्हा परिषदेकडे भांडा.

तापीकाठ (चोपडा):
ताईंचा राग मी समजू शकतो आणि सातपुड्याचा मुद्दा मागे घेतो. स्वयंपाकघरांना रोख मदत देण्यासही हरकत नाही, मात्र मोठ्या संस्थांच्या गोदामांसाठी एक रुपयाही नको, एवढी अट घाला.

पेंडवाला (धुळे):
ही अट मला मान्य नाही. ताई ज्या मुलांविषयी सांगत आहेत, त्यांचे पोट मसुराच्या आमटीने भरेल, पण उपचार होणार नाही. त्यांना शेंगदाणा, दूधभुकटी आणि जीवनसत्त्वांचे उपचारात्मक पाकीट लागते. ते मोहल्ल्यातील दुकानात मिळत नाही, ट्रकनेच आणावे लागते आणि गोदामातच ठेवावे लागते. 2025 मध्ये तेथे तीन कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज होती, संयुक्त राष्ट्रांनी 4.2 अब्ज डॉलर मागितले होते आणि निम्मेही आले नाहीत. आपली वर्गणी स्वयंपाकघरांना जाऊ द्या, पण ट्रकांना विरोध करणारी ओळ त्या आवाहनात मी लिहू देणार नाही.

निवृत्त गार्ड (भुसावळ):
स्वयंपाकघरांच्या वर्गणीत माझे नाव घ्या. तेथील धान्य तेथल्याच शेतकऱ्याकडून घेतले जाणार असेल तर माझा आक्षेप नाही. मिलोबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.