मदत हवी आहे: जनरेट होणारी डीबीकॉन्टेक्स्ट फाईल तुकड्यांत कशी काढायची?

पाषाणकर
प्रोजेक्ट मोठा आहे, चारशेच्या वर टेबलं. स्कॅफोल्ड केलं, म्हणजे डेटाबेस वाचून टूलकडून कोड तयार करून घेतला, की टेबलांचे क्लास वेगवेगळ्या फायलींत येतात, ते ठीक आहे. पण कॉन्टेक्स्टची, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या मुख्य क्लासची, एकच फाईल होते आणि ती अवाढव्य आहे. उघडली की एडिटर गोठतो. दोघांनी दोन निराळ्या टेबलांवर काम केलं तरी दोघांचा कोड मर्ज म्हणजे एकत्र करताना कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) त्याच फायलीत येतो. हाताने तोडण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी स्कॅफोल्ड केलं की सगळं पुसलं जातं. ती आपोआप लहान फायलींत यावी असं काही सेटिंग आहे का? शुक्रवारी रिलीज आहे, कृपया लवकर सांगा.

नवनाथ_ना
कोणती भाषा, कोणता डेटाबेस, कोणतं व्हर्जन? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पाषाणकर
सी शार्प, एसक्यूएल सर्व्हर, टेबलं कोडला जोडायला ईएफ ६. स्कॅफोल्ड म्हटल्यावर लक्षात येईल असं वाटलं.

गोदाकाठ
ईएफ ६ म्हणजे जुनं एन्टिटी फ्रेमवर्क ६ की ईएफ कोअर ६? नाव सारखं असलं तरी दोन्हींचं उत्तर पूर्ण वेगळं आहे. जुन्यात ईडीएमएक्स नावाची एक भलीमोठी एक्सएमएल फाईल असते आणि खरे कॉन्फ्लिक्ट तिच्यात होतात. कोअरमध्ये ती भानगड नाही.

शिवाजीनगर_डीबीए
चारशे टेबलं हीच मूळ अडचण आहे. मोठी टेबलं तारखेप्रमाणे पार्टिशन करा (आतून तुकड्यांत साठवा), जुना डेटा आर्काइव्हला टाका. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आधी पार्टिशन फंक्शन, मग पार्टिशन स्कीम आणि मग त्या स्कीमवर क्लस्टर्ड इंडेक्स. आमच्याकडे रिपोर्ट लगेच हलके झाले.

नवनाथ_ना
दादा, ते कोडच्या फायली तोडायचं विचारतायत, टेबलं नाही. टेबल पार्टिशन केलं तरी कोडमध्ये ते एकच टेबल राहतं, फाईल एका ओळीनेही कमी होणार नाही.

कृष्णाई
माझं मत, ईएफ काढून डॅपर ही हलकी लायब्ररी वापरा. जनरेट केलेला कोडच नको म्हटल्यावर फाईल मोठी होण्याचा प्रश्नच येत नाही. क्वेरी स्वतः लिहायची, काय चाललंय ते डोळ्यांसमोर राहतं.

गोदाकाठ
@कृष्णाई, डॅपर मीही वापरतो आणि रिपोर्टिंगला ते उत्तम आहे. पण शुक्रवारी रिलीज असलेल्या माणसाला चारशे टेबलांचं इन्सर्ट-अपडेट हाताने लिहायला सांगू नका. शिवाय बदलांचा मागोवा, माइग्रेशन, रिलेशन हे सगळं स्वतः सांभाळावं लागेल.

कृष्णाई
शुक्रवारसाठी नाही, कायमसाठी सांगतेय. दर वेळी टूलच्या मागे धावण्यात टीमचा किती वेळ जातो ते मी जवळून पाहिलंय.

पाषाणकर
ईएफ कोअर ६. डॅपर शक्य नाही, माझ्या हातात तो निर्णय नाही. कृपया मूळ प्रश्नावर बोला.

मालवणचो_जावावालो
आमच्याकडे जावात हे जास्त कडक आहे. जेव्हीएममध्ये, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेत, एका मेथडचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) ६५,५३५ बाइटपेक्षा मोठा होऊच शकत नाही. जनरेट केलेली मेथड त्यापुढे गेली की कंपायलर ‘कोड टू लार्ज’ म्हणून थांबतो. म्हणून मेथड तोडणं आम्हाला भाग पडतं. सी शार्पमध्ये अशी मर्यादा आहे का?

गोदाकाठ
अशी ६४ केबीची भिंत इथे नाही. म्हणूनच फाईल वाढत जाते आणि कोणी थांबवत नाही.

@पाषाणकर, आता तुमचं. कॉन्टेक्स्ट मोठी होते ती ऑनमॉडेलक्रिएटिंग या एका मेथडमुळे. प्रत्येक टेबलाच्या कॉलमची लांबी, इंडेक्स, फॉरेन की सगळं तिथे लागतं. ते टेबलागणिक वेगळं काढायला आयएन्टिटीटाइपकॉन्फिगरेशन हा इंटरफेस ईएफ कोअर २.० पासून आहे. पण स्कॅफोल्डने तो आपणहून वापरावा यासाठी टेम्प्लेट, म्हणजे कोड कसा लिहायचा त्याचा साचा, बदलावं लागतं, आणि त्यासाठी टीफोर प्रकारच्या टेम्प्लेटची सोय ईएफ कोअर ७ पासून आली. ६ मध्ये ती नाही.

७ किंवा ८ वर गेलात की मायक्रोसॉफ्टचं ईएफ टेम्प्लेटचं पॅकेज इन्स्टॉल करा आणि प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डॉटनेट न्यू ईएफ-टेम्प्लेट्स ही कमांड चालवा. कोडटेम्प्लेट्स फोल्डरमध्ये दोन फायली येतील, एक कॉन्टेक्स्टची, एक एन्टिटीची. तिसरी, एन्टिटीटाइपकॉन्फिगरेशन नावाची, आपण स्वतः ठेवायची. ती असली की प्रत्येक टेबलाची कॉन्फिगरेशन फाईल वेगळी निघते. मग कॉन्टेक्स्टच्या टेम्प्लेटमधला टेबलांचं कॉन्फिगरेशन लिहिणारा लूप काढून त्या जागी अप्लायकॉन्फिगरेशन्सफ्रॉमअसेंब्ली ही एक ओळ घाला, ती असेंब्लीतली (बिल्ड झालेल्या फाईलमधली) सगळी कॉन्फिगरेशन शोधून लावते.

यात एक धोका आहे. त्या ओळीने कॉन्फिगरेशन कोणत्या क्रमाने लागतील याची हमी नसते. एकाच असेंब्लीत दोन कॉन्टेक्स्ट असतील तर दोन्हींची कॉन्फिगरेशन उचलली जातात, तेव्हा फिल्टर द्या.

पाषाणकर
डीबीसेटच्या, म्हणजे टेबलं कोडला दाखवणाऱ्या, ओळी तरी कॉन्टेक्स्टमध्येच राहणार ना? चारशे ओळी?

गोदाकाठ
राहतील, पण टेबलामागे एकच ओळ. कॉन्फ्लिक्ट आला तरी नुसतं पाहून सुटतो. तोही नको असेल तर टेम्प्लेटमधून डीबीसेट काढा आणि कोडमध्ये सेट ही जेनेरिक मेथड वापरा. मी ते करणार नाही, कारण आधीचा सगळा कोड बदलावा लागेल.

अनघा_पिंपरी
याने ॲप्लिकेशन सुरू व्हायचा वेळ कमी होईल का? आमचं पहिलं पान उघडायला फार वेळ लागतो.

गोदाकाठ
नाही. फायली एक असो वा चारशे, चालताना मॉडेल (क्लास आणि टेबलांचा नकाशा) तेवढंच बांधलं जातं. त्यासाठी कंपाइल्ड, म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं, मॉडेल पाहा, डॉटनेट ईएफ डीबीकॉन्टेक्स्ट ऑप्टिमाइझ ही कमांड, ईएफ कोअर ६ पासून आहे. मात्र ते मॉडेल दर बदलानंतर पुन्हा जनरेट करावं लागतं.

नवनाथ_ना
मला एक कळत नाही, जनरेट केलेला कोड गिटमध्ये ठेवताच कशाला? इग्नोर करा, बिल्डच्या वेळी स्कॅफोल्ड करा. कॉन्फ्लिक्टचा विषयच संपतो.

अनघा_पिंपरी
मग बिल्ड सर्व्हरला डेटाबेस लागणार. कोणी डेव्हलपमेंटच्या डेटाबेसमध्ये एक कॉलम बदलला की सकाळचं बिल्ड पडणार, आणि काय बदललं हे दाखवायला डिफही नसणार. आमच्याकडे हे करून झालंय, परत गिटमध्ये आणलं.

नवनाथ_ना
बिल्डसाठी स्क्रिप्टमधून तात्पुरता डेटाबेस कंटेनरमध्ये उभा करायचा, कोणाच्या डेव्हलपमेंटच्या डेटाबेसला हात लावायचाच नाही.

अनघा_पिंपरी
ज्या टीमचा स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, स्क्रिप्टमध्ये नीट ठेवलेला असतो त्यांना जमेल. ज्यांना डेटाबेसवरून स्कॅफोल्ड करावं लागतं त्यांच्याकडे बहुतेक वेळा तेच नसतं.

पाषाणकर
स्क्रिप्ट नाहीत. डेटाबेस क्लायंटचा आहे, आम्हाला फक्त वाचायचा ॲक्सेस. डॉटनेट ६ या प्लॅटफॉर्मवर आहोत, ते कदाचित आधी सांगायला हवं होतं. ईएफ कोअर ७ डॉटनेट ६ वर चालेल का?

गोदाकाठ
चालतं. पण ७ चा सपोर्ट मे २०२४ मध्ये संपला आणि डॉटनेट ६ चाही नोव्हेंबर २०२४ मध्ये. ईएफ कोअर ८ ला डॉटनेट ८ लागतं. शुक्रवारसाठी काही बदलू नका. आधी रिलीज होऊ द्या, मग थेट ८ चा प्रस्ताव मांडा. तोवर ॲट्रिब्यूटचा पर्याय लावून स्कॅफोल्ड करा, डेटा ॲनोटेशन्सचा. कॉलमचं नाव, लांबी वगैरे क्लासवर जातं आणि कॉन्टेक्स्ट थोडी तरी हलकी होते. सगळं मात्र जात नाही, डिफॉल्ट व्हॅल्यू वगैरे तिथेच राहतं.

तुकडे केल्यावर एक लक्षात ठेवा. फोर्सचा पर्याय दिला तरी स्कॅफोल्ड जुन्या फायली पुसत नाही, फक्त वरून लिहितो. डेटाबेसमधून टेबल गेलं तर त्याचा क्लास आणि कॉन्फिगरेशन पडून राहतं, आणि असेंब्लीवरून उचलत असाल तर ते टेबल मॉडेलमध्ये परत येतं. म्हणून जनरेट केलेलं सगळं एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि दर वेळी ते आधी रिकामं करा. हाताने लिहिलेलं काही तिथे नको. ते पार्शल क्लासमध्ये (एकच क्लास अनेक फायलींत) किंवा ऑनमॉडेलक्रिएटिंगपार्शलमध्ये, बाहेरच्या फोल्डरमध्ये.

पाषाणकर
डेटा ॲनोटेशन्स लावून पाहिलं. फाईल बरीच उतरली, एडिटर आता गोठत नाही. कॉन्फ्लिक्ट आहेतच, पण शुक्रवार निघेल. ८ बद्दल मॅनेजरांशी बोलतो. गोदाकाठ, मनापासून आभार.

शिवाजीनगर_डीबीए
पार्टिशनचा विचार तरीही करा. चारशे टेबलांत दोन-तीन नक्की फुगलेली असतील.

राधा_बेळगाव
धागा वर काढतेय. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे, ईएफ कोअर ८. वरचं टेम्प्लेट चालेल का?

गोदाकाठ
हो. टेम्प्लेट डेटाबेसवर नाही, वाचून झालेल्या मॉडेलवर चालतं. स्कॅफोल्डच्या कमांडमध्ये एसक्यूएल सर्व्हरऐवजी एनपीजीएसक्यूएलचा, पोस्टग्रेसला जोडणारा, प्रोव्हायडर द्या.