यूपीएससीची मुलाखत मराठीतून: धोलपूर हाउसमध्ये नेमकं काय होतं?

रानवाट:
मुख्य परीक्षा मराठीतून दिली, आता मुलाखतीचं पत्र आलंय. माध्यमही मराठीच निवडलंय. जिल्हा सोलापूर, पदवी कृषीची, प्रवर्ग ओबीसी, छंद किल्ल्यांची भटकंती. त्या दिवशी यूपीएससीच्या दिल्लीतल्या कार्यालयात, धोलपूर हाउसमध्ये, काय काय होतं? दुभाष्यामुळे गुण कमी पडतात का?

शिरस्तेदार:
अभिनंदन! आधी कागदपत्रं बघा, चांगली तयारी असलेली मुलं इथे अडकतात. नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातलाच लागतो, राज्याच्या भरतीसाठी काढलेला चालत नाही. व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हे राज्यातले प्रवर्ग केंद्रात नाहीत. त्यामुळे जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का आणि दाखल्यावर नाव तसंच लिहिलंय का, हे आजच तपासा. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र. त्यावरच्या आणि पदवीवरच्या नावात स्पेलिंगचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून न्या. सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स हव्यात. प्रवासभत्ता मिळतो, तेव्हा तिकिटं जपून ठेवा.

सत्रं दोन, सकाळी आणि दुपारी. मोबाइल बाहेर जमा होतो. कागद तपासून झाले की पाच-सहा जणांचा गट मुलाखत घेणाऱ्या एका बोर्डाकडे जातो. कुठलं बोर्ड ते तिथेच कळतं. गटात शेवटचा नंबर लागला तर दोन-अडीच तास बसून राहावं लागतं, म्हणून पोटभर खाऊन जा.

भीमाकाठ:
दुभाष्याबद्दल. अध्यक्ष आणि साधारण चार सदस्य असतात, मुलाखत पंचवीस-तीस मिनिटांची. भाषांतराचा वेळ त्यातूनच जातो, त्यामुळे लांबलचक उत्तर दिलं की प्रश्नच कमी होतात. दोन-तीन छोटी वाक्यं बोला, थांबा, भाषांतर होऊ द्या. वाक्य अर्धवट सोडलंत तर दुभाषी ते आपल्या अंदाजाने पुरं करतो आणि मुद्दा तिथेच निसटतो. 'एफआरपी' (उसाचा सरकारने ठरवलेला दर), 'जीएसटी' असले शब्द तसेच वापरा. 'रास्त आणि किफायतशीर दर' म्हणायच्या फंदात पडू नका. बोलताना नजर प्रश्न विचारणाऱ्या सदस्याकडे असावी. बरेच जण नकळत दुभाष्याकडेच बघत बोलतात, ते टाळा.

मुलाखतीला २७५ गुण, लेखीला १७५०. मुलाखतीत उत्तीर्ण होण्यासाठी किमान गुणांची अट नाही, पण अंतिम यादीत पाच-दहा गुणांनी सेवा बदलते.

गडकरी_७:
प्रश्नांचा उगम तुमच्या अर्जात, म्हणजे डीएएफमध्येच असतो. त्यातल्या प्रत्येक शब्दावर तीन पायऱ्या खाली उतरायची तयारी ठेवा. किल्ले लिहिलेत, तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेले १२ किल्ले यायलाच हवेत. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. पुढचा प्रश्न, जिंजीच का? राजाराम महाराज तिथून राज्य चालवत होते, हे सांगता आलं पाहिजे. त्याच्या पुढचा, गडावरची गर्दी आणि जतन यांचा मेळ जिल्हाधिकारी म्हणून कसा घालाल? खरा कस इथे लागतो.

सोलापूर आणि कृषी म्हटल्यावर ऊस येणारच. ११७ टीएमसीच्या उजनी धरणात सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, जिल्हा अवर्षणप्रवण, तरी एवढा ऊस का? 'शेतकऱ्यांना प्रबोधनाची गरज आहे' हे उत्तर देऊ नका, फार पोकळ वाटतं. उसाला एफआरपी आहे आणि कारखाना ऊस उचलतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण सगळा माल त्या भावाने विकला जाईल याची खात्री नाही. शेतकरी हिशेबानेच वागतोय, हे आधी मान्य करा आणि मग ठिबक, तुरीची खरेदी यावर या.

रानवाट:
खूप उपयोगी पडलं, मनापासून आभार. 'माहीत नाही' किती वेळा चालतं?

भीमाकाठ:
माहितीच्या प्रश्नाला चार-पाचदा म्हटलंत तरी बिघडत नाही, फक्त लगेच आणि स्वच्छ म्हणा. अंदाज बांधायचा असेल तर 'अंदाज सांगू का?' असं आधी विचारा. डीएएफमधल्या गोष्टीवर मात्र एकदाही चालत नाही. मताच्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणजे टाळाटाळच. तिथे बाजू घ्या, कारण द्या. सदस्याने उलट मुद्दा मांडला तर तो पटला तरच मान्य करा. लगेच शरणागती पत्करली की पुढचे प्रश्न आणखी टोकदार होतात.